खाजणाचा बांध आणि भातावरील किडी : गोव्याच्या सखल किनाऱ्यावरून एक अभ्यास

अभनपूर परिसरातील भात उत्पादकाला जमिनीचा उतार वेगळा शिकवावा लागत नाही. उंचावरची भाठा, तिच्याखाली मटासी, पुढे डोरसा आणि सर्वांत सखल भागातील काळी कन्हार अशी त्याची जमीन पायरीपायरीने उतरत जाते. प्रत्येक पायरीवर भाताचे वाण बदलते, पेरणीची वेळ बदलते आणि किडींचे स्वरूपही बदलते. पूर्व विदर्भातील बांधीतही हेच दिसते. या दोन्ही प्रदेशांत मेड किंवा धुरा घालण्याचा हेतू एकच असतो : पावसाचे पाणी शेतात थोपवणे.

गोव्याच्या किनाऱ्यावरील खाजणात बांधाचा हेतू याच्या नेमका उलट आहे. तेथील बांध भरतीचे खारे पाणी शेताबाहेर ठेवतो. भात तोच आणि किडीही बऱ्याच अंशी त्याच; परंतु बांधाचे काम बदलल्यामुळे कीड व्यवस्थापनाचा विचारही बदलावा लागतो. प्रस्तुत लेखकाला हे गोव्यात काम करताना एका चुकीतून शिकावे लागले. त्या अनुभवासह खाजणाची भूरचना, तेथील समाज आणि भातावरील किडी यांचा परस्परसंबंध येथे मांडला आहे.

भूरचना : तीन पायऱ्यांची भातशेती

सुमारे ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे गोवा हे देशातील सर्वांत लहान राज्य आहे. पूर्वेस सह्याद्री, मध्ये जांभ्या दगडाची पठारे आणि पश्चिमेस नद्यांच्या मुखांजवळची सखल जमीन अशी त्याची उतरण आहे. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, साळ, तळपण आणि गालजीबाग या नद्या अल्प अंतर वाहून अरबी समुद्रास मिळतात. मांडवी व झुआरी कुंभारजुव्याच्या कालव्याने जोडलेल्या आहेत. नदीमुखांचा उतार अत्यल्प असल्याने भरतीचे पाणी नदीतून आत दूरवर शिरते.

येथील भातजमिनीचे तीन प्रकार मानले जातात. डोंगरउतारावरील पायऱ्यांची शेती ती मोरड, किनाऱ्यालगतची रेताड जमीन ती खेर आणि खाडीकाठची बांधबंदिस्त सखल जमीन ती खाजण. खाजण जमिनीचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. तिसवाडी, बार्देश, साष्टी, फोंडा आणि पेडणे या तालुक्यांत ती प्रामुख्याने आढळते. दिवाडी व चोडण या मांडवीतील बेटांवर खाजणाची रचना एका दृष्टिक्षेपात समजते. कारण बांधापलीकडील भरतीची पातळी बांधाअलीकडच्या भातापेक्षा उंच असल्याचे तेथे उघड्या डोळ्यांनी दिसते.

ही रचना अर्वाचीन नाही. फोंड्याजवळील बांदोडे येथे सापडलेल्या, इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासच्या अनिर्जितवर्म्याच्या ताम्रपटात खाजण जमिनीचा उल्लेख आहे. बांध घालून समुद्राचे पाणी अडवावे आणि जमीन लागवडीखाली आणावी, ही कल्पना तेव्हाही प्रचलित होती.

बांध, मानस आणि पोंय

खाजणाची तीन मुख्य अंगे आहेत. पहिले अंग म्हणजे चिखलमाती, भाताचा पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांनी रचलेला बांध. नदीच्या बाजूस बऱ्याच ठिकाणी खारफुटी राखलेली असते, ती लाटांचा मार कमी करते. दुसरे अंग म्हणजे मानस. ही बांधातील दारांची मोरी होय. तिची लाकडी दारे नदीच्या दिशेने उघडतात. भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात. ओहोटीस आतील पाण्याचा दाब वाढला की उघडतात आणि पावसाचे जादा पाणी नदीत जाते. यासाठी यंत्र लागत नाही. परंतु दारे, फळ्या आणि बिजागऱ्या यांची वेळेवर देखभाल अनिवार्य असते. तिसरे अंग म्हणजे पोंय, अर्थात खाजणातील सर्वांत खोल पाणवठा. शेतातील निचरा प्रथम येथे जमा होतो आणि मग मानशीतून बाहेर पडतो. मासळी व कोळंबी येथेच वाढते.

पावसाळ्यातील हंगामाला तेथे सरद आणि हिवाळी-उन्हाळी हंगामाला वायंगण म्हणतात. पहिल्या जोरदार पावसाने मातीतील क्षार धुऊन निघाले की सरद भाताची लागवड होते. कोरगुट, असगो यांसारखी स्थानिक वाणे क्षार सहन करतात. जुने गोवे येथील केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधून निवड पद्धतीने गोवा धान १ आणि गोवा धान २ ही वाणे विकसित केली आहेत. कापणीनंतर अनेक खाजणांत मानशीतून खारे पाणी आत घेऊन मासळी धरली जाते, तर काही भागांत मिठागरे चालतात. एकाच जमिनीतून वर्षभरात भात, मासळी आणि मीठ मिळण्याची ही व्यवस्था होती.

बांध राखणारा समाज

भरती कोणाचे शेत कोणाचे हे पाहत नाही. एका ठिकाणी बांध फुटला की संपूर्ण खाजण खारे होते. त्यामुळे खाजण हे प्रारंभापासून सामूहिक कार्य राहिले. गावाची जमीन गावकरी संस्थेच्या ताब्यात असे. ही संस्था ठरावीक मुदतीने शेते लिलावाने कसण्यास देई, उत्पन्नातून बांध व मानस यांची दुरुस्ती करी आणि उरलेला वाटा सदस्य गावकारांत ‘जण’ म्हणून वाटी. पोर्तुगीज राजवटीने १५२६ च्या फोराल या सनदेत गावकरीच्या रूढी लेखी नोंदवल्या. पुढे या संस्था कोमुनिदाद या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. प्रत्यक्ष बांधाची देखरेख शेत कसणाऱ्यांचे भौस हे मंडळ पाहत असे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा विसरू नयेत. गावकारांचा हक्क मूळ घराण्यांतील पुरुषांपुरता होता. चिखलात उभे राहून बांध रचणारे, लावणी-कापणी करणारे बहुसंख्य हात गावडा आणि कुणबी समाजांचे होते. मिठागरांवर मीठगावडे, तर नदीमुखावर खारवी व गाबीत राबत. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा समावेश अनुसूचित जमातींत २००३ मध्ये झाला.

मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्यास जमिनीची मालकी मिळाली. हा न्याय आवश्यक होता. मात्र त्यासोबत बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघांकडे आली आणि सर्वच संघ सारख्या क्षमतेचे नव्हते. त्याच काळात खाजणातील तरुण पिढी नोकरीसाठी पणजी, मुंबई आणि परदेशात गेली. मालकी असलेला शेतकरी राहिला, परंतु बांधावर रोज फेरी मारणारा माणूस कमी झाला.

किडींच्या दृष्टीने खाजण

खाजणातील भातावर पिवळा खोडकिडा, गादमाशी (छत्तीसगडमधील गंगई), तपकिरी तुडतुडे, पाने गुंडाळणारी अळी, सुरळीतील अळी आणि निळे भुंगेरे या किडी आढळतात. त्यांच्या नियंत्रणाचा बराच भाग कोणत्याही फवारणीविना खाजणाची व्यवस्थाच करीत असे. तो पुढीलप्रमाणे :

पहिली बाब एकाच वेळी लागवडीची. पहिल्या पावसाने क्षार धुतले जाईपर्यंत कोणालाच लागवड करता येत नाही. त्यामुळे संपूर्ण खाजणाची लावणी जवळपास एकाच सुमारास होते. पिकाची वाढीची अवस्था सर्वत्र सारखी असल्याने तुडतुडे व खोडकिड्यांना एका शेतातून दुसऱ्या कोवळ्या शेतात जात पिढ्या वाढवण्याची संधी कमी मिळते.

दुसरी बाब धसकटांची. पिवळ्या खोडकिड्याच्या अळ्या कापणीनंतर धसकटात राहतात. म्हणूनच धसकटे नांगरून गाडावीत किंवा पाण्याखाली बुडवावीत, अशी शिफारस आपण सर्वत्र करतो. कापणीनंतर खारे पाणी आत घेणाऱ्या खाजणात हे काम भरती करते.

तिसरी बाब नैसर्गिक शत्रूंची. पाण्यावर पडलेले तुडतुडे मासे खातात. कोळी, चतुर, टाचण्या, मिरीड ढेकूण आणि बेडूक आपापला वाटा उचलतात. पावसाळ्याच्या तोंडावर होणारी बेडकांची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कीटकशास्त्राच्या दृष्टीनेही ती आपल्याच शेतातील राखणदार मारण्यासारखी आहे.

एका शिफारशीची चूक

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस तिसवाडीतील एका खाजणात तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव पाहण्यास मी गेलो होतो. चुडांच्या बुंध्याशी तुडतुडे होते आणि एका कोपऱ्यात करपलेले वर्तुळ दिसू लागले होते. मी पाठ असलेली शिफारस केली : शेतातील पाणी काढून तीन-चार दिवस कोरडे ठेवा आणि त्यानंतर बुंध्यावर फवारणी करा.

शेत कसणाऱ्या वयस्कर बाई म्हणाल्या, “बाब, उदक खंय सोडूं? सकयल पोंयेंत नुस्तें आसा.” पाणी सोडू कोठे, खाली पोंयेत मासळी आहे, असा त्यांचा प्रश्न होता. ती अडचण मी किरकोळ समजलो. फवारणीस त्यांनी नकार दिला. पण माझा मान राखून अर्ध्या शेतातील पाणी ओहोटीला काढले. त्यानंतर आठवडाभर पाऊस आलाच नाही.

दुसऱ्या भेटीत त्या अर्ध्या भागातील तुडतुडे कमी झालेले होते. परंतु मातीवर पांढरी झाक आली होती आणि दाणा भरण्याच्या अवस्थेत पीक कोमेजत होते. कारण उघड होते. खाजणात गोड्या पाण्याचा थर खालच्या क्षारांना दाबून ठेवतो. तो थर काढून जमीन सुकू दिली की केशाकर्षणाने क्षार वर येतात. उरलेल्या अर्ध्या भागात बाईंनी पाणी राखले होते, काठीने ओळी फाकवून हवा खेळती केली होती आणि करपलेले वर्तुळ तेथे फारसे पसरले नव्हते. एका शेतावरचा हा अनुभव प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही. तरीही पाणी काढण्याची शिफारस अभनपूरच्या कन्हारात जशी उपयोगी पडते तशी खाजणात पडत नाही, हे मला त्या दिवशी समजले. त्या मोसमातील नुकसान माझ्या शिफारशीचे होते आणि ते सोसले बाईंनी.

बांध फुटतो तेव्हा

आज खाजणापुढील खरे संकट किडींहून मोठे आहे. मानशीजवळील मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो. मासळी अधिक मिळावी म्हणून भरतीच्या वेळीही दारे उघडी ठेवली, तर खारे पाणी अवेळी शेतात शिरते आणि प्रवाहाच्या वेगाने बांध खचतो. मांडवी-झुआरीतील जलवाहतुकीच्या लाटांनीही बांधांची धूप होते. खेकड्यांनी पोखरलेले लहान छिद्र वेळीच बुजवले नाही, तर एका उधाणात तेथे खिंडार पडते. फुटलेला बांध काही वर्षे तसाच राहिला की शेतात खारफुटी उगवते. खारफुटीस कायद्याचे संरक्षण असल्याने ते शेत पुन्हा लागवडीखाली आणणे अवघड होते.

बांध शाबूत असूनही मजुरांअभावी पडीक राहिलेल्या शेतांचा प्रश्न वेगळा आहे. तेथे आपोआप उगवलेले भात व गवते वाढतात आणि ती गादमाशी व लोंबीवरील ढेकण्यांना हंगामाबाहेर आश्रय देतात. शेजारी भात लावणाऱ्या मोजक्या शेतकऱ्यांवर मग प्रादुर्भाव एकवटतो. त्यांनी फवारणी वाढवली की मासे व कोळी मरतात, तुडतुडे पुन्हा उसळतात आणि भात परवडेनासे होऊन आणखी एक शेत पडीक राहते. समुद्राची पातळी वाढत असताना हे दुष्टचक्र किनाऱ्यावरील अनेक गावांना लागू पडेल.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

खाजण, कोकणातील खारजमीन किंवा कोणत्याही सामाईक निचऱ्याच्या भातक्षेत्रात सल्ला देताना पुढील बाबी पाळाव्यात.

१. शेत पाहण्यापूर्वी पाण्याचा मार्ग पाहावा. पाणी कोठून येते, कोठे जाते आणि दार कोणाच्या हाती आहे, हे विचारल्याशिवाय शिफारस लिहू नये.

२. क्षारयुक्त जमिनीत तुडतुड्यांसाठी निचरा सुचवण्यापूर्वी पावसाचा अंदाज आणि मातीची क्षारता तपासावी. पाऊस ओसरत असल्यास पाणी राखून ओळी फाकवणे आणि नत्राची मात्रा आवरणे अधिक सुरक्षित.

३. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके मासे व कोळंबीस अत्यंत घातक असून त्यांच्या वापराने तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो. पोंयेत निचरा होणाऱ्या शेतात ती टाळावीत.

४. खोडकिड्याचे पोंगेमर ५ टक्के किंवा गादमाशीचे चंदेरी पोंगे ५ टक्के या आर्थिक नुकसान पातळीपर्यंत थांबावे. निरीक्षण एका शेतात न करता बांधाअलीकडील संपूर्ण पट्ट्यात करावे.

५. क्षार सहन करणारी वाणे निवडावीत. गोव्यात गोवा धान मालिका आणि रायगड-ठाणे पट्ट्यात पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची पनवेल वाणे उपलब्ध आहेत.

६. मे महिन्यात, पावसापूर्वी, बांध व मानशीची पाहणी कूळ संघाच्या बैठकीत ठरवून घ्यावी. कीड व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातही या पाहणीचा समावेश करावा.

समारोप

अभनपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही महानदी कालव्याचे पाणी मिळाले की काही शेतकरी उन्हाळी भात घेतात, काही घेत नाहीत; आणि एका पट्ट्यात सतत उभे राहिलेले भात तुडतुड्यांना वर्षभर पोसते. तेव्हा फवारणीचा निर्णय एकट्याचा असला, तरी किडीचा निर्णय सर्वांच्या पाण्याने आधीच घेतलेला असतो. खाजणात ही गोष्ट भरतीमुळे लपत नाही, एवढाच फरक आहे. आपल्या शेतातील पाणी पुढे कोणाच्या शेतात किंवा तळ्यात जाते, याची नोंद प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने आणि शेतकऱ्याने पुढील हंगामापूर्वी आपल्या वहीत करावी. शिफारस त्या नोंदीच्या खाली लिहावी.