ईस्टरचा फ्रॉक आणि शिवणीतली माया

अभ्यासासाठी वचनभाग : १ शमुवेल २:१८-१९, मार्क २:२१, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



डहाणू-जव्हार पट्ट्यातल्या वसतिगृहात मी मुलींना शिवण शिकवते. दरवर्षी उपवासकाळ सुरू झाला की आमच्या वर्गात एकच विषय असतो : पुनरुत्थानाच्या रविवारी घालायचा फ्रॉक. तो प्रत्येकीने स्वतः ठरवायचा, स्वतः बेतायचा आणि स्वतः शिवायचा. चाळीस दिवस त्याला पुरतात. या अंकात त्या शिवणाचाच पाठ लिहिते आहे. पवित्र शास्त्रातली दोन-तीन वचने मला सुई हातात असतानाच जास्त नीट समजली, म्हणून ती सोबत घेतली आहेत.

आधी कापड. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येतो, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. बाजारात त्या दिवसांत मुलींच्या डोळ्यांत भरतात ते जाळीचे, चमकीचे गाऊन. दिसायला छान, पण सुती अस्तर नसेल तर तासाभराच्या उपासनेत पोर घामोळ्यांनी हैराण होते. शिवाय एका गाऊनच्या पैशांत तीन मुलींचे कापड येते. म्हणून आम्ही सुती पॉपलिन किंवा केम्ब्रिक घेतो.

कोरे कापड कधीही तसेच कापायचे नाही. रात्रभर पाण्यात भिजवायचे, खळ काढायची, सावलीत वाळवून इस्त्री करायची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. पाच टक्के आटले, तर ३० इंच उंचीच्या फ्रॉकमधला दीड इंच गेलाच. आता मार्क २:२१ काढून वाचा. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावले तर काय होते, हे प्रभु येशू तिथे सांगतात. जुने कापड धुऊन धुऊन आटून बसलेले असते. नवे ठिगळ पहिल्या धुण्यात आकसते आणि भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते. आम्ही वर्गात हे करूनच पाहतो. जुन्या चादरीच्या तुकड्यावर कोऱ्या मांजरपाटाचे ठिगळ लावायचे, गरम पाण्यात धुवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. दुसऱ्या दिवशी ठिगळाभोवती सुरकुत्या दिसतात, कधी टाक्यांपाशी चीरही. नवे जुन्यावर नुसते चिकटवून चालत नाही, हे मुली मग न सांगता बोलतात.

मग नमुना. वर्तमानपत्राच्या कागदावर आधी मापे काढायची. मुली एकमेकींची मापे घेतात, त्यात हसू-खिदळू फार होते, ते होऊ द्यावे. छाती २६ इंच असेल तर तिचा चौथा भाग साडेसहा. त्यात सैलपणासाठी १ इंच आणि मायेसाठी १ इंच, म्हणजे दुमडलेल्या कागदावर साडेआठ इंच. मुंढा आणि गळा यांचे आकार कागदावर आखून, कापून, अंगाला लावून पाहायचे. कापडाला कातर लागेल ती त्यानंतरच. कागद ठेवताना उभा धागा उंचीच्या दिशेने धरायचा, नाहीतर दोन धुण्यांत घेर एका बाजूला लोंबतो. प्रत्येकीला घेर मोठाच हवा असतो. कंबर २४ असेल तर ४८ इंच घेराला चुण्या चांगल्या पडतात. ३६ इंच पन्ह्यातून पंचवीस-पंचवीस इंचांचे दोन तुकडे काढले की कडेला ज्या पट्ट्या उरतात, त्यांत बाह्या बसतात. काही वाया जात नाही.

‘माया’ हा शब्द आमच्या धंद्यातला. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, ती माया. विकतच्या स्वस्त कपड्यांत ती जेमतेम असते. पोर वाढली की कपडा संपला. घरी शिवताना माया मनासारखी सोडता येते.

इथे हन्ना आठवते. शमुवेलाला तिने शिलो येथे देवाच्या सेवेला दिले होते आणि वार्षिक यज्ञाला पतीबरोबर जाताना ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. शिवणारीला इथे लगेच प्रश्न पडतो : माप कोणाचे घेतले? मुलगा समोर नाही, वर्षभर पाहिलेला नाही. मनाने अदमास घ्यायचा आणि माया सोडायची, याखेरीज उपाय नाही. शास्त्र त्याबद्दल काही सांगत नाही, पण माझी खात्री आहे की तो झगा थोडा मोठाच असेल.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने गेल्या ईस्टरला हेच केले. तिचे आईवडील दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, धाकटी बहीण त्यांच्याबरोबर. स्वतःचा फ्रॉक झाल्यावर उरलेल्या कापडातून तिने बहिणीसाठी एक बेतला. माप नव्हतेच. “गेल्या वेळी माझ्या कोपरापर्यंत येत होती,” एवढेच तिला माहीत. आम्ही हिशेब केला, बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवली, खाली ३ इंचांची दुमड आणि घेराला अर्ध्या इंचाचे दोन आडवे टक घातले. टक उसवला की एक इंच उंची मिळते. फ्रॉक ढगळ झाला. भट्टी संपवून मंडळी गावी आली तेव्हा एक टक त्याच दिवशी उसवावा लागला, एवढी ती उंच झाली होती.

नक्षी मुली स्वतः ठरवतात. वारली घरांत गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात हे आपण जाणताच. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना त्या कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. टोकाशी जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर एक गोल म्हणजे डोके. हे सगळे पांढऱ्या दोऱ्याने, साध्या धावदोऱ्यात आणि उलट्या टिपेत काढता येते. एका मुलीने गेरूच्या रंगाच्या फ्रॉकच्या काठावर तारप्याचा नाच काढला. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले की हे उपासनेत शोभते का? आदिमंडळीत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे आठवडाभर शुभ्र वस्त्रे घालत, तेव्हा पांढरा फ्रॉकच योग्य, असे त्यांचे म्हणणे होते. आदराने सांगते, मला तसे वाटत नाही. शुभ्र वस्त्र बाप्तिस्म्याची खूण होते, गणवेश नव्हे. दावीद कोशापुढे नाचला. या पोरीच्या गावात आनंद झाला की भोपळ्याच्या तारप्याभोवती नाचतात. पुनरुत्थानाहून मोठा आनंद तिला कोणता?

यापो येथील दुर्कस वारली तेव्हा विधवांनी पेत्राला काय दाखवले ते पुन्हा वाचा. त्यांनी दाखवले ते, दुर्कस त्यांच्याबरोबर असताना तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे. ती त्यांच्यात राहत होती, त्यांची अंगे तिला ठाऊक होती. आपल्याकडे सणाआधी जुन्या-नव्या कपड्यांचे गठ्ठे येतात. पाठवणाऱ्यांचे प्रेम खरे आहे आणि त्यातल्या स्वेटरांचा पावसाळ्या-हिवाळ्यात फार उपयोग होतो. पण ईस्टरला दुसऱ्याच्या मापाचा गाऊन पिना लावून घातलेली मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसते. हे मी पाहिले आहे. स्वतः शिवलेल्या फ्रॉकवर टीप थोडी वाकडी असली तरी तीच मुलगी पुढे गायला उभी राहते.

तेव्हा येत्या ईस्टरसाठी काही पाठवायचे असेल तर कृपया न शिवलेले कापड पाठवा. दहा वर्षांच्या मुलीला ३६ इंच पन्ह्याचे सव्वादोन मीटर पुरते, मोठ्या मुलीला तीन मीटर लागते. सुतीच असावे, रंग जाणारे नसावे. तुमच्या मंडळीतल्या शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी ते भिजवून, वाळवून पाठवले तर आमचा एक आठवडा वाचतो. पांढऱ्या दोऱ्याची रिळे मात्र जास्तीची घाला. ती नेहमी आधी संपतात.