सीमेपलीकडची दाढ

अ‍ॅरिझोनाच्या नैऋत्य टोकाला युमा. तिथून थोडं पुढे गेलं की मेक्सिकोची हद्द, आणि हद्दीला चिकटून लॉस अल्गोदोनेस नावाचं चार गल्ल्यांचं गाव. माणसं काही हजार, पण दातांचे डॉक्टर शेकड्यांनी. लोक त्याला ‘मोलर सिटी’ म्हणतात. मी राहतो फिनिक्सला. निवृत्तीनंतर खालची एक दाढ गेली, ती या गावात बसवून घेतली. त्या निमित्ताने उमगलेल्या या सात गोष्टी.

१. अमेरिकेत दात हा शरीराचा भाग समजत नाहीत. हृदय, गुडघा, पित्ताशय एका विम्यात. दातांचा विमा वेगळा, आणि त्यातही बऱ्याच पॉलिसींची मर्यादा वर्षाला १,००० ते २,००० डॉलरची. पासष्टीनंतरच्या मूळ मेडिकेअरमध्ये तर दातांची नेहमीची कामं बसतच नाहीत. माझी मर्यादा एका रूट कॅनालमध्ये संपली आणि वर्ष उरलं. इम्प्लांट आणि वरची कॅप मिळून जो आकडा सांगितला गेला, तो ऐकून उरलेले दातही शिवशिवले. हद्दीपलीकडे त्याच्या निम्म्याहून कमी.

२. काटकसरीची पळवाट शोधणं हे खास आपलं देशी कौशल्य, असा माझा समज होता. तो रांगेतच गळून पडला. क्वेचान जमातीच्या वाहनतळावर गाडी लावून लोक चालत फाटक ओलांडतात, आणि हिवाळ्यात त्यांत बहुतेक मिनेसोटा, सस्कॅचेवानकडचे आजी-आजोबा असतात. हातात एक्स-रेची फाइल, तोंडी सगळे दर पाठ. त्यांतल्या एका आजोबांनी मला सांगितलेला दर ऐकला आणि हळहळून मान हलवली, “जास्त घेतायत तुमच्याकडून.” शनिवार पेठेत वाढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं!

३. स्वस्त म्हणजे कुठेतरी खोट असणार, हा आपला मध्यमवर्गीय संशय. मीही ती शोधत होतो. पण जागेचं भाडं कमी, पगार कमी, डॉक्टरच्या डोक्यावर अमेरिकी शिक्षणाच्या कर्जाचा डोंगर नाही, कॅप बनवणारी लॅब हाकेच्या अंतरावर आणि रुग्णांचा ओघ अखंड. एवढ्यात निम्मा हिशेब जुळतो. याचा अर्थ सगळेच उत्तम असा मात्र नाही. पंढरपूरच्या स्टँडवर लॉजवाले अंगावर येतात तशी इथे फाटकाबाहेर कार्डं नाचवणारी माणसं येतात, आणि त्यांतला प्रत्येक जण ‘आत्ता चला, आत्ता करू’ म्हणतो. मी ज्यांच्याकडे गेलो त्या डॉक्टरांनी आधी जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढला, रक्तातली साखर विचारली, कोणती औषधं चालू आहेत ते लिहून घेतलं आणि “आज काही करत नाही” म्हणून परत पाठवलं. माझा विश्वास तिथेच बसला.

४. हाडाला विमानाची तिकिटं कळत नाहीत. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाला सापडलं आणि १९६५ मध्ये त्याने पहिल्या रुग्णाला तसे दात बसवले. पण त्या एकजीव होण्याला आजही बहुधा तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे आधी स्क्रू, मग थांबणं, मग कॅप. पुण्याची बहीण फोनवर चिडली होती, “अरे, आपल्याकडे काय दातांचे डॉक्टर मेले का?” तिचं चूक नव्हतं, पुण्यातही हे काम चांगलं आणि स्वस्तात होतं. पण मधल्या काळात टाका सुटला, हिरडी सुजली, कॅप चावताना टोचली, तर? फिनिक्सहून अल्गोदोनेस गाडीने तीनेक तास. बिलाच्या आकड्यात हे अंतर कुठेच लिहिलेलं नसतं. मला तर आता वाटतं, किमतीआधी तेच मोजावं.

५. खुर्चीत पडलेल्या माणसाला आरसा दाखवू नये. दाढेसाठी गेलेला मी पुढच्या दातांचा पिवळेपणा न्याहाळत बसलो. सगळे पांढरेशुभ्र करून घ्यायला किती, हेही विचारलं, या वयात! डॉक्टर म्हणाले, चांगले दात कानसावे लागतील, आणि गेलेलं एनॅमल परत येत नाही. ब्रिटनची तरुण मुलं इस्तंबूल, अंताल्याला जाऊन हसू बदलून येतात. त्यांत काहींना पातळ थराचं व्हिनिअर सांगून दातांचे खुंट करून वर कॅप बसवलेल्या असतात. पुढे कधीतरी त्या कॅप बदलाव्या लागणारच. मी चहाचे डाग ठेवले.

६. दातांवरून शरीराच्या शस्त्रक्रियेचा अंदाज बांधू नये. ओळखीतल्या एक बाई पोट कमी करून घ्यायला जाणार होत्या, आणि माझी दाढ बघून त्यांचा धीर वाढला, याचं मला दडपणच आलं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर निदान दहा दिवस विमान नको, असं अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सांगते. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. २०२३ मध्ये मेक्सिकोतल्याच मातामोरोसला पाठीत भूल देऊन अशा शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत बुरशीजन्य मेंदुज्वराची साथ निघाली आणि काही जण दगावले. तिथे स्वस्ताईचा हिशेबच निराळा.

७. परतल्यावर आपण कुणाचेच रुग्ण नसतो. फिनिक्सच्या डॉक्टरांनी तोंडात डोकावून पहिला प्रश्न केला, “कोणत्या कंपनीचा?” प्रत्येक कंपनीचे भाग आणि पाने वेगळे, नाव ठाऊक नसेल तर सैल झालेला स्क्रू घट्ट करणंही अवघड. तेव्हा कुणी जाणार असाल तर कंपनीचं नाव, माप, लॉट नंबर आणि स्कॅनची प्रत पैसे देण्याआधी मागून घ्या. वेळ सकाळची घ्या. हिवाळ्यात परतीची रांग तासन्‌तास सरकत नाही, फाटक रात्री दहाला बंद होतं, आणि बधिर जबड्याने इमिग्रेशन अधिकाऱ्याला स्वतःचं आडनाव सांगणं वाटतं तितकं सोपं नाही.