लॅपटॉप घेताना आधी काम पाहा, मग गुंठे मोजा

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



उसाची जात कोणती लावावी, खोडव्याला खत कधी द्यावे, असे प्रश्न आपण विचारता आणि आम्ही उत्तर देतो, ते आमचे कामच आहे. पण अलीकडे कॉलेजच्या अ‍ॅडमिशनचे दिवस आले की गटात फिरताना एक निराळाच प्रश्न येतो. "साहेब, पोरगी लॅपटॉप मागतीय. दुकानदार सत्तर हजाराचा घ्या म्हणतोय. काय करू?" शेतकी विभागातही हल्ली नोंदीपासून तोडणी कार्यक्रमापर्यंत सगळे काम संगणकावर चालते. त्यामुळे या यंत्राची थोडीफार ओळख आम्हाला झाली आहे. ती सभासदांच्या उपयोगी पडावी म्हणून हे चार शब्द.

पहिल्याने हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरवली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. एकरी ४० टन ऊस धरला तर गुंठ्याला १ टन पडतो. तेव्हा ४० हजारांचा लॅपटॉप म्हणजे सव्वाअकरा गुंठ्यांचा ऊस, आणि ७० हजारांचा म्हणजे जवळजवळ अर्ध्या एकराचा. यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची आहे, बेणे, खत आणि पाणीपट्टी तर धरलेलीच नाही. दोन्हींतला फरक साडेआठ गुंठ्यांचा. आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने सांभाळलेला ऊस तो. दुकानात काचेच्या कपाटापुढे उभे राहिल्यावर हा आकडा डोळ्यांपुढे असावा.

आता, लॅपटॉप लागतोच का? सातबारा पाहणे, ई-पीक पाहणी, हवामान, बँकेतील बिलाची जमा या कामांना हातातला मोबाईल पुरतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऊस प्रयोगाविषयी ऐकून काही सभासद विचारतात, त्याला लॅपटॉप पाहिजे का? नको. शेतातल्या यंत्रांची माहिती शेतकऱ्याला मोबाईलवरच मिळते. लॅपटॉप खरा लागतो तो लांबलचक लिहिण्याला, हिशेबाचे तक्ते करण्याला, नकाशे-आराखडे काढण्याला आणि प्रोग्राम शिकण्याला. म्हणजे बहुतेक घरांत तो मुलांसाठीच येतो. ते असेल तर मात्र टाळाटाळ करू नये. मोबाईलच्या वीतभर काचेवर प्रोजेक्ट लिहिणारी मुलगी डोळेही बिघडवते आणि मार्कही घालवते.

पण मुलगा किंवा मुलगी शिकते काय, यावर यंत्र ठरवावे. चोपण जमिनीत फुले २६५ तग धरतो म्हणून निचऱ्याच्या काळ्या रानातही तोच लावला पाहिजे असे नाही, तसेच हे आहे. बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी. अ‍ॅग्री, डी.एड. या मुलांना लिखाण, टॅली, एक्सेल आणि इंटरनेट एवढेच काम. त्यांना साधा लॅपटॉप भरपूर झाला. सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या मुलाला आराखड्याची जड सॉफ्टवेअर चालवावी लागतात, तिथे थोडा जादा पैसा घालावा लागतो. तोही कॉलेजात विचारून घालावा. बऱ्याच कॉलेजांत त्यासाठी स्वतंत्र लॅब असते आणि पहिल्या वर्षाला घरच्या यंत्रावर फारसे काम नसते. आमच्या गटातील एका सभासदाने बी.कॉम.च्या मुलाला खेळासाठी बनवलेला भारी लॅपटॉप घेऊन दिला. अडीच किलोचे धूड, दोन तासांत बॅटरी खलास. आता ते घरीच टेबलावर असते आणि मुलगा एस.टी.ने रिकाम्या हाताने कॉलेजला जातो.

यंत्राच्या आतले भाग समजायला आपला कारखानाच डोळ्यांपुढे आणावा. प्रोसेसर म्हणजे मिल. रॅम म्हणजे गव्हाण, चालू काम तिच्यात पडते. स्टोरेज म्हणजे गोदाम. मिल कितीही मोठी असली तरी गव्हाण अरुंद असेल तर मिलला ऊस पोचत नाही. त्यामुळे दुकानदार आय-५, आय-७ चे गुणगान करू लागला की आपण आधी रॅम विचारावी. साध्या कामाला ८ जीबी, आराखड्यांना १६ जीबी. ४ जीबी घेऊ नये, विंडोज ११ त्यावर सुरू होते खरे, पण रडत चालते. शिवाय रॅम पुढे वाढवता येते का, हेही विचारावे. काही पातळ यंत्रांत ती कायमची चिकटवलेली असते.

गोदाम एसएसडी जातीचेच असावे, निदान २५६ जीबीचे, जमले तर ५१२. जुन्या फिरत्या डिस्कपेक्षा ते कितीतरी चपळ असते आणि एस.टी.च्या धक्क्यांनी बिघडण्याची भीती कमी. अगदी स्वस्तात ६४ जीबी ईएमएमसी लिहिलेली यंत्रे मिळतात. ती विंडोजनेच निम्मीअधिक भरून जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आय-५ म्हटले की भारीच, हा समजही सोडावा. त्यापुढच्या आकड्यात पिढी लपलेली असते. ८२५० म्हणजे आठवी पिढी, १२३५ म्हणजे बारावी. आठव्या पिढीच्या आय-५ पेक्षा बाराव्या पिढीचा आय-३ सरस चालू शकतो. नव्या यंत्रांवर हे 'आय' अक्षर जाऊन कोअर ३, कोअर ५ असे लिहू लागले आहेत. दुसऱ्या कंपनीचा रायझन ३ किंवा रायझन ५ असेल तरी चालतो, बिचकू नये. 'एआय लॅपटॉप' असे स्टिकर लावून जादा पैसे मागत असतील तर आम्ही तरी देणार नाही. मुले जे प्रश्न विचारून उत्तरे काढतात ते काम लांबच्या मोठ्या संगणकांवर होते, घरचे यंत्र फक्त ते दाखवते.

पडदा मात्र नीट पाहावा, कारण डोळे आपल्या मुलांचे आहेत. फुल एचडी, म्हणजे १९२० गुणिले १०८० असावा. बाजूने पाहिल्यावर चित्र काळवंडत असेल तर तो नको.

जुना घ्यावा का? चांगला मिळाला तर जरूर. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप काही वर्षांनी काढून टाकतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या जाती अशा वापरासाठीच बनलेल्या, दणकट. पण इंटेलचा असेल तर आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याआधीच्या पिढ्यांना, थोडे अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. दुकानात बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढून अर्धा तास चालवून बघावे. १०० वरून ६० वर आली तर नवी बॅटरी किमतीत धरूनच बोलणी करावी. किल्ल्या एकेक दाबून पाहाव्यात, कॅमेरा, वायफाय, बिजागऱ्या तपासाव्यात. बैल घेताना आपण दात बघतोच की.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी बॅटरीचा प्रश्न मोठा आहे. रात्री वीज गेली तरी अभ्यास थांबू नये, म्हणून पाच-सहा तास चालणारे यंत्र पाहावे. चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, तेव्हा दाब कमी असल्याची काळजी फारशी नको. काळजी अचानक चढणाऱ्या दाबाची. मोटारीच्या स्टार्टरच्या बोर्डावर चार्जर कधीही लावू नये.

पैशांचे म्हणाल तर सोसायटीचे पीककर्ज याला वळवू नये, ते लागण आणि खतासाठी आहे. बिनव्याजी हप्त्याची जाहिरात असली तरी रोखीने किती सूट देता, हे विचारावे. ती सूट हप्त्यात मिळत नसेल तर तेच व्याज समजावे. प्रोसेसिंग फी निराळी. सॉफ्टवेअरच्या नावाखाली जादा पैसे मागितल्यास लिब्रेऑफिस फुकट मिळते, त्यात पत्र आणि तक्ते दोन्ही होतात. मराठी कीबोर्ड विंडोजमध्येच असतो, वेगळा विकत घ्यायला नको.

जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी किती शिल्लक आहे, ते दुकानातच बघावे. सर्व्हिस सेंटर तालुक्याला आहे की जिल्ह्याला, हेही त्याच वेळी विचारावे. गट कार्यालयात सोमवारी आम्ही असतो. कोटेशन घेऊन आलात तर दहा मिनिटे बसून पाहू, मात्र येताना मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावे.