वकील डॉक्टर नसतो, मग चूक ओळखतो कशी?

प्रश्न : डॉक्टरांच्या हलगर्जीविरुद्ध वकील दावा लढवतात, असे वाचतो. पण वकील काही डॉक्टर नसतो. ऑपरेशन थिएटरच्या बंद दारामागे काय घडले, हे त्याला कळते तरी कसे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दार बंद असले, तरी आतले बरेच काही कागदावर उतरलेले असते. म्हणून वकील आधी कागद मागवतो : केसपेपर, नर्सच्या नोंदी, भुलीची नोंद, संमतिपत्र, औषधांची बिले. मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला नोंदी द्याव्यात, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांत आहे. त्या कागदांवरून तो तासातासाचा क्रम लावतो. रक्तदाब कधी उतरला, डॉक्टरांना कधी कळवले, ते कधी आले? दोन नोंदींचा मेळ बसत नाही, तिथे तो थांबतो.

मग तो त्याच शाखेतल्या दुसऱ्या तज्ज्ञाला विचारतो : अशा वेळी जबाबदार डॉक्टरने हेच केले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर दावा उभा राहत नाही. उपचारांना यश आले नाही म्हणजे कसूर झालीच, असे कायदा मानत नाही. दुःखात असलेल्या कुटुंबाला हे समजावणे, हा या कामातला सर्वांत अवघड भाग. उत्तर ‘नाही’ आले, तरी त्या कसुरीमुळेच इजा झाली, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

कधी घटना स्वतःच बोलते. जुलै १९६३मध्ये औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. दुखणे वाढत गेले. सहा दिवसांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत टॉवेल सापडला. ती वाचली नाही. टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला हे पुरते सिद्ध झाले नाही, तरी दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये सांगितले आणि सरकारला जबाबदार धरले. खालच्या न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई होती ३६,००० रुपये.

एरवी मात्र कण कण जोडावा लागतो. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. पायाला फळ्या बांधल्या, पुढे स्प्लिंट लावले आणि टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणले. पोहोचला त्याच दिवशी तिथे पूर्ण भूल न देता, तिघा माणसांकरवी पाय ओढून हाड बसवले गेले. रात्री नऊच्या सुमारास मुलगा गेला. दाखल्यावर मृत्यूचे कारण निराळे होते. जोराने ओढल्याच्या धक्क्यामुळे तो दगावला, हे न्यायालयाने साक्षीपुराव्यांवरून ठरवले. १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करताना डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार कोणता हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष करताना काळजी घेणे. आजही वकील हातातले प्रकरण या तीन पायऱ्यांवर तपासून पाहतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत आले. त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, मात्र साधारणपणे दोन वर्षांच्या आत. भरपाईतला ठरावीक हिस्सा फी म्हणून ठरवायला आपल्याकडे वकिलांना मनाई आहे, म्हणून फी आधीच स्पष्ट बोलून घ्यावी. आणि डिस्चार्ज कार्डापासून शेवटच्या बिलापर्यंत एकही कागद टाकू नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पालशेतच्या त्या मुलाचे वडील स्वतः दौंडला प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते. आपल्या मुलाचे काय झाले, हे त्यांना वैद्यकाच्या भाषेत कोणी समजावण्याची गरज नव्हती. तरीही ते सिद्ध व्हायला पंधरा वर्षे गेली आणि हाती आले तीन हजार रुपये. एखादी गोष्ट माहीत असणे वेगळे आणि ती न्यायालयात शाबीत होणे वेगळे. या दोहोंमधली वाट चालणे, हेच वकिलाचे काम.