सेल्फ नुसताच ‘टक’ करतो

चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या दुकानांना माल पोचवणाऱ्या एका मराठी वाचकाकडे जुना टाटा ४०७ आहे. थंडीत चावी फिरवली की नुसता ‘टक’ आवाज येतो, दिवे मंदावतात. बॅटरी बदलूनही फरक नाही. आता सेल्फ बदलावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

इतक्यात नको. ४०७ हा १९८६ साली आलेला, १२ व्होल्टवर चालणारा ट्रक. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर करंट ओढतो, त्यामुळे एका गंजलेल्या जोडणीतही बरंच व्होल्टेज वाया जातं. जानेवारीत ऑइल घट्ट होऊन इंजिन जड फिरतं आणि उन्हाळ्यात लपलेला दोष उघडा पडतो.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टला लावून सोबत्याला सेल्फ मारायला सांगावं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर दोष त्याच वाटेत आहे.

अर्थिंगकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. चासीपासून इंजिनला जाणारी अर्थची पट्टी तुटली, तर करंट भलत्याच वाटेने परततो. कधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापते, ती यामुळेच.

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. इन्सुलेशनखाली हिरवी भुकटी दिसली, तर तेवढा तुकडा कापून तांब्याचा नवा लग दाबून बसवावा. तारा पिळून टेप गुंडाळण्याने भागत नाही. अर्थच्या जागी चासीचा रंग पॉलिश पेपरने खालचा धातू चकचकीत दिसेपर्यंत घासावा, बोल्ट आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. एवढं करूनही ‘टक’ राहिला, तरच सेल्फ उतरवून सोलेनॉइडचे पॉइंट आणि कार्बन ब्रश तपासावेत.