चूक झाली, पण कोणती?

पायथन शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांकडून आम्ही आरंभीच एक लहानसा प्रोग्राम लिहून घेतो. खोली क्रमांक आणि त्या खोलीसाठी आलेल्या वह्यांची संख्या विचारावयाची, डिक्शनरीतील नोंदीवरून खोलीतील मुलांची संख्या घ्यावयाची आणि भागाकार करून प्रत्येकी किती वह्या ते छापावयाचे. काम पाच-सहा ओळींचे. पण चुकण्याच्या वाटा पुष्कळ.

एका विद्यार्थिनीने तो चालविला. खोली क्रमांक 12 दिला, पडद्यावर 12 उमटले. प्रत्येकी 12 वह्या, असे सर्वांनी मानले. वस्तुतः तिच्या नोंदीत 12 क्रमांकाची खोलीच नव्हती!

घडले ते असे. प्रोग्राम मध्येच बंद पडू नये म्हणून तिने सारे काम ‘ट्राय’खाली लिहिले होते आणि ‘एक्सेप्ट’खाली केवळ चुकीचा संदेश छापला होता. डिक्शनरीत न सापडणारी किल्ली मागितली की ‘की-एरर’ उद्भवते आणि तिचा संदेश म्हणजे ती किल्लीच असते. म्हणून 12. तिने चूक हाताळलीच नसती, तर पायथनने स्वतः चुकीचे नाव व ओळीचा क्रमांक दाखविला असता. अर्धवट सावधगिरीने ते नाव झाकले गेले.

उपाय एका ओळीचा आहे. पकडलेली चूक ‘टाइप’ या फंक्शनास द्यावी, त्यातून मिळणाऱ्या प्रकाराचे ‘नेम’ (मागेपुढे दोन-दोन अधोरेषांसह) घ्यावे आणि ते संदेशाच्या आधी छापावे. मग पडद्यावर ‘की-एरर 12’ असे दिसते. खोली रिकामी असेल, म्हणजे मुले 0, तर ‘झीरो-डिव्हिजन-एरर’. संख्येऐवजी ‘बारा’ असा शब्द टंकिला तर ‘व्हॅल्यू-एरर’. येथे एक गंमत सांगावीशी वाटते : देवनागरी अंकांत १२ टंकिले, तर पायथन 3 मधील ‘इंट’ ते निमूटपणे स्वीकारते.

प्रकार कळले की प्रत्येकास वेगळा ‘एक्सेप्ट’ लिहिता येतो : एकास ‘अशी खोली नाही’, दुसऱ्यास ‘खोली रिकामी आहे’, असे सरळ मराठी उत्तर. मात्र क्रम सांभाळावा. पायथन वरून खाली पाहत जातो व जुळणारा पहिलाच भाग चालवितो. ‘एक्सेप्शन’ हा व्यापक प्रकार वर ठेवला, तर खालच्यांची पाळीच येत नाही.

नुसता, कोणताही प्रकार न लिहिलेला ‘एक्सेप्ट’ तर मी वर्गात खोडावयासच लावतो. तो ‘कीबोर्ड-इंटरप्ट’ही गिळतो, त्यामुळे पुनःपुन्हा संख्या विचारणाऱ्या लूपमध्ये कंट्रोल आणि सी दाबूनही प्रोग्राम थांबत नाही. त्या विद्यार्थिनीच्या पुढच्या आवृत्तीत ‘एक्सेप्शन’ सर्वांत शेवटी होता, त्याखाली चुकीचे नाव छापलेले होते, आणि 12 क्रमांकाची खोली तिने नोंदीत भरली होती.