लॅपटॉप : खोडवा ठेवावा की नवी लागण करावी?



गट ऑफिसात बेण्याच्या आणि लागण-नोंदीच्या चौकश्या नेहमीच्याच. पण यंदा काही सभासदांनी वेगळेच विचारले. "साहेब, पोरगी लग्नाचे व्हिडिओ आन् अल्बम करते. तिचा लॅपटॉप पार बसला. उसाच्या बिलातनं कोणता घ्यावा?" हा आमच्या खात्याचा विषय नव्हे. परंतु पैसा उसाचा आहे आणि लग्नसराईत मशीन बंद म्हणजे घेतलेल्या ऑर्डरी परत, म्हणून लिहितो.

फूट चांगली असेल तर आपण खोडवा मोडत नाही, नांग्या भरतो. तोच विचार इथे करावा. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असेल तर ती बदलून एसएसडी बसवावी. रॅम ८ जीबी असेल तर १६ करावी. मात्र आधी माती परीक्षण! व्हिडिओ तयार होत असताना विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून पाहावा. मेमरी शंभर टक्क्यांना टेकली तर रॅम कमी पडते; डिस्क शंभरावर अडकली तर डिस्क बदलावी. दोन्ही मोकळ्या असून प्रोसेसरच तासन्‌तास दमत असेल, तर नांग्या भरून उपयोग नाही, खोडवा मोडावा. पातळ मशीनमध्ये पुष्कळदा रॅम बोर्डालाच पक्की जोडलेली असते, ती वाढत नाही. हे मेकॅनिककडून आधी खात्री करून घ्यावे.

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या मशीनवर खर्च करू नये.

नवा घ्यायचे ठरले तर दुकानदार "आय-५ आहे" एवढेच सांगतो. 'ऊस आहे' म्हटल्याने जात कळते का? ७२०० यू हाही आय-५ आणि १२४५० एच हाही आय-५. पहिल्यात कोअर २, दुसऱ्यात ८. आकड्याची सुरुवात पिढी सांगते. शेवटचे अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जड कामाचा. फोटो, अल्बम, चित्रकला एवढेच काम असेल तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसले तरी चालते. व्हिडिओचे रंगकाम किंवा ब्लेंडरमधले थ्री-डी असेल तर ते घ्यावे.

लोक सर्वांत कमी पाहतात तो पडदा, आणि माझ्या मते फसगत तिथेच होते. स्वस्त मशीनला, अगदी काही गेमिंगच्या मशीनलासुद्धा, '४५ टक्के एनटीएससी' पडदा असतो. त्यावर रंग फिके दिसतात, म्हणून मुलगी रंग चढवत जाते. छापून आल्यावर हळद केशरी आणि शालू भडक! नवरीकडचे लोक अल्बम परत आणतात, कागदाचा खर्च अंगावर. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेला पडदा मागावा. दुकानदाराला माहीत नसेल तर मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. लाल-निळ्या दिव्यांच्या कीबोर्डला भुलू नये.

पैसा कमी असेल तर मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकले जाणारे मशीन वाईट नाही. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी मात्र हवीच. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल निघतो. मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता त्यात शेजारी-शेजारी दिसते. दुसरा आकडा निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, हे विसरू नये.

सॉफ्टवेअरवर लगेच खर्च नको. व्हिडिओला दा-विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती, चित्रांना क्रिटा, पत्रिका-बॅनरला इंकस्केप. यांवर धंदा सुरू करता येतो. रिझॉल्व्हला १६ जीबीपेक्षा कमी रॅम देऊ नये.

वाचलेल्या पैशातून बाहेरची एक हार्ड डिस्क घ्यावी आणि गिऱ्हाइकाचे काम दोन ठिकाणी ठेवावे. जुने मशीन विकताना आतली डिस्क काढून घ्यावी. साध्या केसिंगमध्ये बसवली की तीही साठवणीला चालते, आणि लोकांच्या घरचे लग्नाचे फोटो भलत्याच्या हाती जात नाहीत.

— ऊस विकास अधिकारी